मार्चअखेरची गिरणी

फेब्रुवारी संपत आला की आमच्या कार्यालयात माणसांची चाल बदलते. एरवी चहाला निघालेला माणूस दोन टेबलांशी थांबत, चार गोष्टी बोलत जातो. मार्च लागला की तोच माणूस हातात फाइल धरून सरळ जातो आणि सरळ येतो. बांधकाम विभागाला आपली बिलं आठवतात, पाणीपुरवठ्याला मोटारींची दुरुस्ती आठवते, आरोग्य विभागाला फवारणीची औषधं. एकतीस तारखेला वर्ष बंद होतं आणि न खर्चलेला निधी परत जातो, म्हणून वर्षभर न आठवलेला खर्च एकदम आठवतो. त्याच तारखेला गावातल्या गिरण्यांचे, खानावळींचे, बेकऱ्यांचे परवानेही संपतात. पैसा बाहेर जायची घाई आणि पैसा आत यायची घाई, दोन्ही एकाच आठवड्यात. त्या दोन्हींच्या मधे माझी खुर्ची असते.

सातारा जिल्ह्यातल्या एका नगरपालिकेत मी लेखाधिकारी आहे. खिडकीतून एसटी स्टँड दिसतो. या दिवसांत महाबळेश्वराकडून आलेल्या स्ट्रॉबेरीच्या पेट्या तिथं उतरतात आणि दुपारपर्यंत त्यांचा आंबटगोड वास आमच्या जिन्यापर्यंत चढतो. मला मार्च आवडतो. असं म्हटलं की खात्यातले लोक हसतात. मार्च आवडणारी लेखाधिकारी त्यांनी दुसरी पाहिलेली नाही. पण मला खरंच आवडतो. वर्षभर आपण काय केलं ते या महिन्यात कागदावर दिसतं, आणि केलेलं काम नीट असेल तर कुणाच्याही नजरेला नजर देता येते. ही नजर देण्याची सवय मला एका मार्चनं लावली. तो मार्च इथला नव्हे, सांगली जिल्ह्यातला.

नोकरीचं ते दुसरं वर्ष. कृष्णाकाठच्या एका लहान शहरात माझी पहिली नेमणूक होती, परवाना विभागात. माहेर कुंडलचं, त्यामुळे मी रोज एसटीनं जाऊन-येऊन करायची. सकाळच्या गाडीच्या दोन्ही बाजूंना द्राक्षबागा, काही ठिकाणी तोड चाललेली, क्रेटच्या उंच थप्प्या. पुढं एका वळणावर हळद शिजवायच्या काहिली लागत. तो उकडत्या हळदीचा वास, थोडा मातीचा, थोडा औषधाचा, खिडकी बंद केली तरी आत येई. आजही दूध-हळदीचा पेला तोंडाला लावला की मला आधी ते वळण आठवतं, मग घसादुखी.

आमचे लेखापाल मगदूम साहेब, परवाना विभागही त्यांच्याच हाताखाली. सांगलीकडच्या जैन शेतकरी कुटुंबातले, घरी ऊस आणि सोयाबीन, अंगात पांढरा हाफशर्ट. सूर्य मावळायच्या आत जेवायचा त्यांचा नेम. मार्चमध्ये काम लांबणार म्हटलं की साडेपाचला ते टेबलावरच्या फाइली बाजूला सारत, डबा उघडत आणि शांतपणे भाकरी-भाजी खात. तेवढी पंधरा मिनिटं मुख्याधिकारी आले तरी उभे राहून, "साहेबांचं होऊ द्या," म्हणत. मगदूम साहेब फारसे बोलत नसत. पण मी रुजू झाले तेव्हा परवान्याच्या खिडकीपुढची रांग दाखवून म्हणाले होते, "ही माणसं फी भरायला आलीत असं तुम्हाला वाटंल. ती नाव लावायला आलीत. हा धंदा माझा, असं गावानं लिहून द्यावं म्हणून आलीत. पैसे काय, कुठंही भरता येतात."

मला तेव्हा हे ऐकायला छान वाटलं, कळलं नाही. मी वेगावर खूश होते. माझ्या आधीच्या लिपिकाकडे फाइली महिना महिना पडून राहत, माझ्याकडे चार दिवसांत निघत. कागद मोजायचे, यादीला टिका मारायच्या, टिपणी लिहायची. टिपणीच्या शेवटी ठरलेले शब्द, 'मान्यता देण्यास हरकत नसावी.' सरकारी मराठीतले हे फार आरामाचे शब्द आहेत. हरकत कुणाची नसावी, कुणी विचारलं, कुणी पाहिलं, काही सांगावं लागत नाही. लिहिणारा बाजूला राहतो आणि काम पुढं जातं. त्या मार्चमध्ये मी ते शब्द किती वेळा लिहिले देव जाणे. त्यातली एक फाइल मगदूम साहेबांच्या टेबलावरून परत आली. माझ्या सहीच्या बाजूला पेन्सिलनं दोनच शब्द होते, 'गिरणी पाहिली?'

फाइल एका पिठाच्या गिरणीची होती. परवानाधारक तीन वर्षांपूर्वी वारलेला, तरी परवाना दरवर्षी त्याच्याच नावानं नूतन होत आलेला; आता तो भावाच्या नावावर करून मिळावा असा अर्ज. अर्जदार विलास, मयताचा धाकटा भाऊ. मृत्यूचा दाखला होता, जागेचा उतारा होता, वीजबिल होतं. मयताच्या बायकोचं, सुनंदाचं, संमतीपत्र होतं, त्यावर तिची सही होती. स्थळपाहणीचा छापील अहवालही होता, 'गिरणी सुस्थितीत, अर्जदार स्वतः चालवतात.' एक कागद कमी नव्हता. पण तो अहवाल आमच्या कार्यालयात, माझ्याच टेबलाच्या कोपऱ्यावर बसून निरीक्षकानं भरलेला मी पाहिला होता. गिरणीवर कुणीच गेलं नव्हतं. तेव्हा सगळेच अहवाल असे भरले जात आणि मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

पेन्सिलीचा थोडा रागच आला. पण दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला फाइल पिशवीत घालून मी निघाले.

गिरणी बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत होती. दारात पाच-सहा बायका आपापले डबे घेऊन बसलेल्या, आणि गिरणी बंद. आत एक बाई जमिनीवर मांडी घालून बसली होती. डोक्याला घट्ट बांधलेला पंचा, भुवया पिठानं पांढऱ्या. पुढ्यात गिरणीचा काढलेला दगड, हातात छिन्नी आणि हातोडी. गुळगुळीत झालेल्या दगडाला ती टाकी लावत होती, म्हणजे त्याच्या खाचा पुन्हा खोल करत होती. हातोडीचा घाव एका तालात पडायचा. मधेच थांबून ती दगडावरून तळहात फिरवायची आणि पुन्हा सुरू करायची. मी दारात उभी आहे हे तिला दोन-तीन मिनिटांनी कळलं.

"दळण असंल तर ठेवून जावा बाई," ती म्हणाली. "बाराला चालू करते."

"मी नगरपालिकेतून आले. परवान्याचं बघायला."

ती हसली. उठून पंच्यानं स्टूल पुसलं. "बसा की मॅडम. आला व्हय परवाना? भाऊजी म्हनलेच हुते, धा-पंधरा दिसांत तुमच्या नावाचा परवाना येईल म्हनून."

"तुमच्या नावाचा?"

"मग? तीन वर्सं झाली, हे गेल्यापास्नं मीच चालीवते की."

डबेवाल्या बायकांतली एक म्हातारी म्हणाली, "आवं मॅडम, ही दोन दिवस लेकीच्या परीक्षेपायी गेली तर गिरणीला कुलूप हुतं. आमी भात खाल्ला दोन दिवस."

मी पिशवीतून फाइल काढली. संमतीपत्र मी तिच्यापुढं धरलं. तिनं पदराला हात पुसले, कागद घेतला आणि दाराच्या उजेडात उभी राहून वाचला. मग पुन्हा वाचला.

"सही तुमची आहे?" मी विचारलं.

"माझीच हाय." तिचा आवाज अगदी खाली गेला होता. "मी सातवी शिकल्याली हाय मॅडम, मला वाचाय येतंय. पर त्या दिवशी दगड तापलेला, मागं धा बायका उभ्या. भाऊजींनी कागद दुमडून सहीपुरती जागा म्होरं धरली. म्हनले, हितं कर, बाकीचं मी बघतो. घरचाच माणूस. आपुन काय इच्चारायचं?"

मग तिनं मला विचारलं, "परवाना त्यांच्या नावावर झाला तर ते गिरणी बंद करून गाळा मोबाइलच्या दुकानाला देनार. घरात कवाधरनं बोलत्यात. मग मी काय करू? लेकीची धावीची परीक्षा चालू हाय, तिला काय सांगू?"

मी एवढंच म्हणाले, "परवाना अजून कुणाच्याच नावावर झालेला नाही." आणि बाहेर पडले.

परत येताना रस्त्यावर कलिंगडांचे ढीग लागले होते, पाणी मारलेले, चकाकणारे. मला काही दिसत नव्हतं. त्या फाइलवर माझ्या वळणदार अक्षरात 'हरकत नसावी' होतं, आणि ते अक्षर मला आवडायचं.

मगदूम साहेबांना मी सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले. मग फाइल उघडून माझ्या टिपणीवर बोट ठेवलं.

"हे काय करायचं?"

"खोडता येत नाही ना साहेब."

"नाही. टिपणी खोडायची नसते."

"मग?"

"खाली जागा आहे की," ते म्हणाले आणि दुसरी फाइल ओढली.

दोघांनाही सुनावणीला बोलावलं. विलास इस्त्रीच्या शर्टात, दोन मोबाइल घेऊन आला. सुनंदा पिठाचा पंचा सोडून, डोक्यावर पदर घेऊन आली आणि भिंतीशी उभी राहिली. मगदूम साहेबांनी तिला खुर्ची दिली. ती बसेपर्यंत ते बोलले नाहीत.

"आवं सायेब, घरचा मामला हाय," विलासनं सुरुवात केली. "बाईमाणूस हाय, कुठं हापिसात खेटं घालत बसंल? म्हनून माझ्या नावावर करून घेतोय. गिरणी काय, मीच बघतो सगळी."

"बरोबर," मगदूम साहेब म्हणाले. "मग मला एक सांगा. ज्वारीचं दळण झालं आणि पुढचा डबा गव्हाचा आहे. मधे काय करता?"

विलासनं खांदे उडवले. "मधे काय... मशीन बंद करायची आन् चालू करायची."

साहेबांनी सुनंदाकडे पाहिलं. तिनं मान खाली घालूनच सांगितलं, "पयल्यांदा घरचं मूठभर गहू टाकून दगड साफ करून घ्यायचा. ते पीठ येगळं काढायचं. न्हाईतर चपातीला चिरा पडत्यात आन् बाई दुसऱ्या दिवशी भांडाय येती."

"आणि दगडाला टाकी कधी लावायची?"

"पिठाला हात लावला की कळतंय. लय गरम याय लागलं, बोटाला जाड लागलं, की दगड उघडायचा."

मगदूम साहेबांच्या घरी पूर्वी गिरणी होती की काय कोण जाणे. ते अशी मान हलवत होते की जणू कुणी आवडीचा हिशेब बरोबर सोडवून दाखवतंय. विलासचा चेहरा मात्र बदलला. तो माझ्याकडे वळला.

"ह्या मॅडमनी तर हरकत न्हाई म्हनून लिवलंय! सहीसकट! मी बघितलंय कागद. आता फिरवताय व्हय? कुनी काय दिलं तुमाला? मी वर तक्रार करनार."

पुढचं काम मगदूम साहेबांचं नव्हतं आणि त्यांनी ते केलंही नाही. ते खिडकीबाहेर पाहत होते. मी फाइल पुढं ओढली. माझ्याच टिपणीखाली मी लिहिलं, 'वरील टिपणी मी स्थळपाहणी न करता लिहिली होती. ती चुकीची होती. ती मी मागे घेत आहे. प्रत्यक्ष स्थळपाहणीनुसार व आज झालेल्या उभयतांच्या जबाबानुसार गिरणी श्रीमती सुनंदा स्वतः चालवतात. परवाना त्यांच्या नावे द्यावा.' खाली सही केली आणि मग ते सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं.

'चुकीची होती' हे दोन शब्द तोंडातून बाहेर पडले तेव्हा मला वाटलं होतं, आता लाज वाटेल. वाटली नाही. उलट पाठ सरळ झाली. नोकरीला लागल्यापासून मी सही करत होते, पण सहीमागं मी उभी आहे असं त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

विलासनं खरंच तक्रार केली. मला खुलासा विचारला गेला. मी लिहिलं की चूक झाली होती, ती लक्षात आल्यावर दुरुस्त केली. पुढं मला लेखी ताकीद मिळाली, आणि ती योग्यच होती. न बघता सही केली होती ना. तो कागद मी अजून जपून ठेवलाय. नवीन मुलंमुली खात्यात रुजू झाली की त्यांना दाखवते. त्यांना आधी वाटतं मॅडम चेष्टा करतायत.

परवाना मार्च संपायच्या दोन दिवस आधी निघाला. सुनंदा फी भरायला स्वतः आली. खिडकीशी उभी राहून तिनं तो छापील कागद पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. अटीसुद्धा वाचल्या, अग्निशमनाची, कामगारांची, सगळ्या. मागची रांग कुरकुरायला लागली. "ताई, घरी जाऊन वाचा की," कुणीतरी म्हणालं. तिनं मागं वळून बघितलंही नाही. वाचून झाल्यावर मला म्हणाली, "बरोबर हाय," आणि गेली. आभार मानायला थांबली नाही, आणि मला ते फार आवडलं. जे तिचं होतं ते तिनं नेलं.

आता सगळं संगणकावर आलंय. अर्ज घरबसल्या भरता येतो, फी मोबाइलवरून जाते, परवान्यावर चौकोनी काळी नक्षी छापून येते. स्थळपाहणीला जागेवरचा फोटो जोडावा लागतो, तारीख-वेळेसकट. चांगली सोय आहे. तरी फोटोत गिरणी दिसते, ती कोण चालवतं ते दिसत नाही. परवा एका नव्या लिपिकानं मला विचारलं, "मॅडम, एवढ्याशा फीसाठी तुम्ही स्वतः का जाता?" मी त्याला बरोबर घेऊन गेले. आम्ही एका बेकरीत गेलो, एका लाँड्रीत गेलो. परत येताना तो म्हणाला, "त्या लाँड्रीवाल्याच्या दारातलं गटार तुंबलंय, ते आरोग्य विभागाला कळवतो." तोच माणूस फी भरतो, त्याच फीतून गटार उपसायचं असतं. वर्षभर अंदाजपत्रक समजावूनही मी त्याला जे शिकवू शकले नसते, ते त्या गल्लीनं एका सकाळी शिकवलं.

लोकांचा पैसा म्हणतात तो मला असाच दिसतो, माणसांच्या चेहऱ्यांसकट. म्हणून मार्चची मला भीती वाटत नाही.

सुनंदाच्या घरात पुढं सगळं गोड झालं असं नाही. चूल वेगळी झाली. दीर-भावजय बरेच महिने एकमेकांशी बोलत नव्हते. सासू दोन्हीकडं जेवायची, सकाळी एकीकडं, संध्याकाळी दुसरीकडं. लेक दहावी पास झाली, कॉलेजला लागली. मगदूम साहेब निवृत्त होऊन उसाच्या मागं लागले. माझी साताऱ्याकडं बदली व्हायच्या आधीचा जो शेवटचा मार्च, त्यात एके दिवशी परवान्याच्या खिडकीशी विलास उभा राहिला.

शर्टाला इस्त्री नव्हती. मोबाइल एकच होता. त्यानं अर्ज पुढं सरकवला, नव्या रसवंतीचा. बाजाराच्या कोपऱ्यावर उसाच्या रसाचं दुकान टाकत होता. कागद पूर्ण होते.

"जागा बघायला येईन," मी म्हणाले.

"या की," तो म्हणाला. "न बघता सही करू नगा म्हनूनच आलोय."

त्याच्या आवाजात टोमणा होता की नव्हता, मला कळलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी गेले. बांबूंवर हिरवी जाळी, खाली दोन बाकडी, ओल्या मातीचा गारवा. चरकाला बांधलेले घुंगरू वाजत होते. चरकावर एक बाई उभी होती, विलासची बायको असावी, ऊस दुमडून आत सारत, मधे आल्याचा तुकडा ठेवत, एका हातानं पेला धरत. विलास बाहेर उसाची मोळी उतरवत होता. मला बघून तिनं पेला पुढं केला. आधी मी वही काढली.

"परवाना कुणाच्या नावानं?" मी विचारलं. अर्ज काल माझ्या हाताखालून गेला होता, पण यादीला टिका मारण्याच्या नादात पहिली ओळ मी नीट वाचलेली नव्हती. इतकं होऊनही.

विलासनं मोळी खाली टाकली, कपाळ पुसलं.

"तिच्याच," तो म्हणाला. "चालीवती ती. मी नुसता ऊस आनून टाकतो."